रस्ता निकृष्ट का झाला हे विचारू नका, मोजमाप पुस्तिका मागा

तुमचा अर्ज आणि त्याला आलेलं उत्तर, दोन्ही वाचलं. थोडक्यात प्रकरण असं: गावातल्या चौकापासून शाळेपर्यंतचा काँक्रीट रस्ता गेल्या उन्हाळ्यात झाला, पहिल्याच पावसाळ्यात त्याला आडव्या भेगा पडल्या, कडा सुटल्या. तुम्ही माहितीच्या अधिकारात सात प्रश्न विचारले. रस्ता निकृष्ट का झाला, जबाबदार कोण, ठेकेदारावर कारवाई का नाही, त्याला पाठीशी कोण घालतंय, वगैरे. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं: 'आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहिती देता येत नाही.' आता तुमचा सवाल, पहिलं अपील करू की थेट राज्य माहिती आयोगाकडे जाऊ?

दोन्ही नको. दहा रुपयांचा नवा कोर्ट फी स्टँप लावा आणि नवा अर्ज करा.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उपअभियंता होतो, त्यातली नऊ वर्षं उपविभागाचा जनमाहिती अधिकारी. म्हणजे तुमच्यासारखे अर्ज ज्याच्या टेबलावर येऊन पडतात तो माणूस. निवृत्तीनंतर टेबलाच्या अलीकडे आलो, आता लोकांना अर्ज लिहून देतो. त्यामुळे दोन्हीकडच्या खोडी माहीत आहेत. पहिली गोष्ट जरा कडू लागेल: तुम्हाला नकार देणारा अधिकारी कायद्यात बसतोय. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २(च) मध्ये 'माहिती' म्हणजे काय ते सांगितलंय. अभिलेख, दस्तऐवज, टिपणी, ई-मेल, अभिप्राय, परिपत्रकं, आदेश, करार, अहवाल, नमुने. थोडक्यात, कार्यालयात जे आधीच आहे ते. 'का' चं उत्तर त्यात येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलं. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात परीक्षार्थींना स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, पण त्याच निकालात हेही म्हटलं की जी माहिती अस्तित्वातच नाही ती तयार करून किंवा गोळा करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. हे दोन निकाल प्रत्येक जनमाहिती अधिकाऱ्याला तोंडपाठ असतात. बाकी कायदा पाठ असो वा नसो.

तेव्हा अपिलात गेलात तर दोन महिने घालवून तीच ओळ पुन्हा हातात पडेल. पत्रात अपिलीय अधिकाऱ्याचं नाव-पत्ता आणि मुदत लिहिणं बंधनकारक आहे, ते तुमच्या पत्रात नाही, ही त्यांची चूक. पण तेवढ्यासाठी भांडून रस्त्याचा कागद मिळत नाही.

आता कामाचं. सरकारी कार्यालयात एका रस्त्याच्या मागे किती कागद जन्माला येतात याची बाहेरच्याला कल्पना नसते. काम मंजूर झालं की प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक. निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत नोंदी, गुणवत्ता चाचणीचे अहवाल. मग देयक, म्हणजे ठेकेदाराचं बिल, आणि शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला. तुमच्या सातही प्रश्नांची उत्तरं या कागदांत आहेत. फक्त ती तुम्ही वाचायची आहेत, अधिकाऱ्याने सांगायची नाहीत.

यातला राजा म्हणजे मोजमाप पुस्तिका. साइटवर सगळे 'एमबी' म्हणतात. जाड पुठ्ठ्याची, पानांवर छापील क्रमांक असलेली वही. पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर सही करावी लागते. तिच्यात कामाचं वर्णन, मग लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण असे रकाने असतात. समजा तिथे लिहिलंय: १२० × ३.०० × ०.१५ = ५४ घनमीटर. म्हणजे एकशेवीस मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड, आणि ठेकेदाराला पैसे मिळाले ५४ घनमीटर काँक्रीटचे. तुम्ही म्हणताय कडा सुटल्यात. मग कडेला वाकून पट्टीने जाडी मोजा. ती जर दहा सेंटिमीटर निघाली, तर प्रत्यक्षात पडलं ३६ घनमीटर. अठरा घनमीटर काँक्रीट कागदावरच राहिलं आणि त्याचे पैसे उचलले गेले. 'रस्ता निकृष्ट का झाला' याचं याहून चांगलं उत्तर तुम्हाला कुठलाही अधिकारी लिहून देणार नाही. (एकाच जागी मोजून आरोप करू नका. चार-पाच ठिकाणी मोजा, फोटोत पट्टीचे आकडे दिसू द्या.)

दुसरा कागद चाचणी अहवालाचा. काँक्रीट ओतताना त्याचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. अहवालावर ठोकळा भरल्याची तारीख, फोडल्याची तारीख आणि ताकद असते. ताकद नेहमी पास असते, त्यात वेळ घालवू नका. तारखा बघा. अंतिम देयक काँक्रीट पडल्यापासून विसाव्या दिवशी निघालं असेल आणि त्यावर 'चाचणी समाधानकारक' असा शेरा असेल, तर अठ्ठावीस दिवसांची चाचणी कोणी आणि कधी केली? कार्यारंभ आदेशाच्या आधीच्या तारखेचे ठोकळेही मी पाहिलेत. लबाडी करणारा आकडे जपून लिहितो, तारखांत घसरतो.

याच तारखांनी एकदा मलाही गोत्यात आणलं होतं. मी जनमाहिती अधिकारी असताना एका खेड्यातले साठीच्या पुढचे गृहस्थ संचिका, म्हणजे कामाची फाइल, पाहायला आले. चौथीपर्यंत शिकलेले. एमबीची पानं उलटताना एका पानावर थांबले आणि मला म्हणाले, "साहेब, या दिवशी तुमच्या माणसानं रस्ता मोजला म्हणता? या दिवशी आमच्या देवीची जत्रा. चौकापासून देवळापर्यंत पाळणे आन् खेळण्यांची दुकानं. पाय ठेवायला जागा नसती, टेप कुठनं लावला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाखा अभियंत्याकडेही नव्हतं. फेरमोजणी झाली, कमी भरलं, वसुली निघाली. त्या गृहस्थांच्या अर्जात एकही 'का' नव्हता. 'अमुक कामाच्या एमबीचे अवलोकन' इतकंच.

म्हणून प्रतींबरोबर अवलोकन मागाच. कलम २(ञ) मध्ये अभिलेख आणि प्रत्यक्ष काम, दोन्हींची पाहणी करण्याचा, टिपणं घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हो, काँक्रीटचा नमुनासुद्धा मागता येतो, फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. प्रती मागितल्या की नेमके तेवढेच कागद येतात. अवलोकनात संचिका अख्खी समोर येते, आणि खरा मजकूर टिपणीच्या बाजूला असतो. संचिकेचे दोन भाग पडतात, पत्रव्यवहार आणि टिपणी. पत्रव्यवहारात सगळं गोड असतं. टिपणीत मात्र एखाद्या लिपिकाने लिहिलेलं असतं, 'चाचणी अहवाल प्राप्त नाही, देयक अदा करणे उचित वाटत नाही', आणि खाली वरिष्ठाचा शेरा असतो, 'मंजूर'. अशी ओळ सापडली की पान क्रमांक लिहून घ्या आणि त्या पानाची साक्षांकित प्रत तिथेच मागा. पाहणीच्या पहिल्या तासाला फी नाही. आणि जाताना शिसपेन्सिल न्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या नियमांनुसार पेन बाहेर जमा करावं लागतं, आत फक्त पेन्सिल. संचिकेत कुणी शाईने काही घुसडू नये म्हणून. नियमाला हसू येतं, पण तो पाळला नाही तर त्याच कारणाने बाहेर काढतात.

जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिकांसाठी अजून एक सोपी वाट आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत हे आधीपासून चालू होतं, तेच राज्यभर नेलं. तुमचं काम उपविभागाचं असेल तर तिथे हा निर्णय दाखवून फार उपयोग होणार नाही. पण जिल्हा परिषदेच्या मुख्यालयात मान्यतेची संचिका असते, ती सोमवारी बघता येईल.

अर्ज कसा लिहायचा? राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ', म्हणजे नियमांत दिलेला अर्जाचा नमुना. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हीसुद्धा २०१२ चीच अट. पुरेसे आहेत. तुमच्यासाठी मी असा लिहीन:

'विषय: मौजे अमुक येथील चौक ते शाळा काँक्रीट रस्त्याचे काम. कालावधी: प्रशासकीय मान्यतेच्या दिनांकापासून अर्जाच्या दिनांकापर्यंत. तपशील: सदर कामाची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली सर्व देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, तसेच काम पूर्ण झाल्यानंतर ठेकेदारास दिलेली सर्व पत्रे व नोटिसा यांच्या साक्षांकित प्रती. तसेच सदर कामाच्या संपूर्ण संचिकेचे टिपणीसह अवलोकन.'

शेवटची मागणी नीट बघा. ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा. तुम्ही विचारलं होतं 'कारवाई का केली नाही', त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. आता नोटिसांच्या प्रती मागितल्यात. नोटीस काढलीच नसेल तर अधिकाऱ्याला लिहावं लागेल 'माहिती निरंक', म्हणजे असा कागदच नाही. सही-शिक्क्यासह. तो निरंक तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद ठरतो, कारण करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. पहिल्याच पावसाळ्यात भेगा पडल्या म्हणजे तुमचा रस्ता बहुधा त्या मुदतीतच आहे. कालावधी चालू आहे, दोष दिसतोय आणि नोटीस निरंक, एवढं एका पानावर मांडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे गेलात की माहितीच्या अधिकाराचं काम संपतं आणि रस्त्याच्या दुरुस्तीचं सुरू होतं. ठेकेदाराचं शेवटचं बिल निघून सुरक्षा ठेव परत जायच्या आत हे करा. ठेव गेली की कुणालाच घाई राहत नाही.

अर्ज कुठे द्यायचा, हे तुमच्या प्रकरणात थोडं गुंतागुंतीचं आहे. काम कोणी केलं ते आधी बघा. पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीने केलं असेल तर माहिती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) मागायची, अपील पंचायत समितीत. २५-१५ मधून, म्हणजे गावातल्या सोयींसाठीच्या राज्याच्या निधीतून, आलं असेल तर बांधकामाचा उपविभाग. आमदार निधीचं असेल तर मान्यतेचे कागद जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयाकडे आणि एमबी काम करणाऱ्या यंत्रणेकडे. ग्रामपंचायतीचा खर्च तर 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, आधी तिथे डोकवा. चुकीच्या दारात अर्ज गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, 'आमच्याकडे संबंधित नाही' म्हणून परत करता येत नाही. मात्र राज्याच्या कार्यालयाचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर टाकू नका, तो परत येतो. आणि फीचं लक्षात ठेवा: राज्याला कोर्ट फी स्टँप चालतो, केंद्राच्या कार्यालयाला चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर.

मुदतीचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त खेळ होतो. तीस दिवस. मध्ये ते 'इतकी पानं, दोन रुपये प्रमाणे इतके भरा' असं पत्र पाठवतात. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे एकोणतिसाव्या दिवशी फीचं पत्र काढणं ही जुनी युक्ती आहे. त्याहून जुनी म्हणजे पत्राला सत्ताविसाव्या दिवसाचा जावक क्रमांक द्यायचा आणि पोस्टात टाकायचं सदतिसाव्या दिवशी. आमच्या कार्यालयात हे झालेलं आहे, नाकारत नाही. म्हणून लिफाफा टाकू नका. पत्रावरची तारीख कार्यालयाची, लिफाफ्यावरचा शिक्का पोस्टाचा. तीस दिवस उलटले असतील तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, आणि हे सिद्ध होतं त्या शिक्क्याने.

नवा अर्जही नाकारला किंवा अर्धवट माहिती आली, तर मग अपील. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टँप. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. अपील लिहिताना कायद्याचं निबंधलेखन नको. 'क्रमांक ४ ची पाने दिली नाहीत, कारण दिलेले नाही' इतकं पुरतं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची आहे, तुमची नाही. तरीही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे मात्र वाट बघावी लागते. प्रलंबित प्रकरणांत महाराष्ट्र देशात अगदी वर आहे, वर्ष-दोन वर्षं सुनावणी लागत नाही. काहीजण कलम १८ खाली तक्रार करतात. तक्रारीत अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तोही त्याच्या खिशातून. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की तक्रारीत माहिती द्यायचा आदेश होत नाही. तुम्हाला दंड हवा की एमबी? एमबी हवी असेल तर अपील.

नकाराची ठरावीक कारणं तुमच्याही वाट्याला येतील. 'माहिती विस्तृत आहे' म्हणतील. कलम ७(९) माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची यापुरतं आहे, नाकारायचं कारण नाही, आणि तुम्ही अवलोकन मागितलंच आहे. 'ठेकेदार त्रयस्थ पक्ष आहे' म्हणतील. त्रयस्थाला विचारायचं असतं, त्याचा नकार म्हणजे अंतिम शब्द नसतो, आणि सरकारी पैशाचं देयक कुणाचं गुपित नाही. 'रेकॉर्ड सापडत नाही' म्हणाले तर ते तसं लेखी मागा. २००५ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. लेखी मागितल्यावर माझ्या पाहण्यातल्या निम्म्या संचिका चार दिवसांत कपाटामागे सापडल्या.

एकच कारण आता खरोखर जड झालंय: 'वैयक्तिक माहिती'. कलम ८(१)(ञ) आधी म्हणायचं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती देऊ नये, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती सगळी वाक्यं काढून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. माझ्या मते हा या कायद्याला बसलेला सगळ्यात मोठा फटका आहे, कारण आता हजेरीपटावरच्या नावापासून लाभार्थी यादीपर्यंत कशावरही तो शिक्का मारता येतो. अजून दोन गोष्टी शिल्लक आहेत. कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख) प्रमाणे अनुदानाचे लाभार्थी, परवाने मिळालेले लोक वगैरे तर कार्यालयाने न मागता जाहीर करायचे आहेत. तुमच्या रस्त्याला हे आडवं येऊ नये. आलंच तर अपिलात कलम ८(२) लिहा आणि 'मोजमापातील जाडी व प्रत्यक्ष जाडी यांत तफावत' हे कारण द्या. 'भ्रष्टाचार' हा शब्द कुठेही लिहू नका.

एक शेवटची, जरा अप्रिय सूचना. अर्ज एकट्याच्या नावाने टाकू नका. तळेगावच्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, जमिनीच्या व्यवहारांची माहिती ते काढत होते. तुमच्या चौकातल्या रस्त्यात तेवढे पैसे नसतील, पण गाव लहान आहे आणि ठेकेदार बहुधा गावातलाच कुणाचा तरी पाहुणा आहे. गल्लीतल्या तिघांनी वेगवेगळे अर्ज केले तर दबाव वाटला जातो, आणि एकाला चहाला बोलावून अर्ज मागे घ्यायला लावलं तरी दोन उरतात. पण तिघांनी मिळून चाळीस अर्ज टाकू नका. मी टेबलापलीकडे असताना एका माणसाचे महिन्यात सव्वीस अर्ज आले होते. त्याचा सव्विसावा खरा होता, आणि तो मी वाचलाच नाही.

आज संध्याकाळी एवढं करा: कामाच्या ठिकाणी फलक असेल तर त्याचा फोटो काढा. योजना, रक्कम, ठेकेदार, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, सगळं त्यावर असतं आणि अर्जाचा विषय त्यातून जसाच्या तसा उतरवता येतो. फलक आजच बघा, अशा वेळी ते फार दिवस उभे राहत नाहीत. एमबीची पानं हातात आली की जाडीचा रकाना आणि तुमची मोजणी शेजारी शेजारी लिहून मला कळवा, पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो.